तुमच्याबरोबर रोज कोण जेवतं

त्या मंगळवारी लक्षात ठेवण्यासारखं काही घडलं नाही. तरी तो दिवस माझ्याजवळ अख्खाच्या अख्खा उरला आहे, आणि त्यानंतरचे तीन आठवडे मात्र पानं चिकटलेल्या पुस्तकासारखे झाले आहेत. एखादं पान सुटतं, पुढची दहा सुटत नाहीत. सकाळी कचेरीत माझ्या टेबलाचा एक कोपरा खाली गेला होता. पायाखालची पुठ्ठ्याची घडी झाडूवालीनं काढून टाकली असावी. मी नवी घडी घातली, ती जाड झाली, टेबल दुसरीकडे कललं आणि पेन्सिल दिवसभर घरंगळत राहिली. आमची मसुदा शाखा. अन्नसाहाय्य खात्याचे नियम वरून येतात, ते खेड्यापाड्यांतल्या माणसांना कळतील अशा भाषेत लिहायचे, अर्ज तयार करायचे, एवढंच आमचं काम. कुणाला शिधा मिळणार आणि कुणाला नाही हे आम्ही ठरवत नाही, असं मी विचारणाऱ्याला सांगत असे, आणि सांगताना मला बरं वाटत असे. आमच्या साहेबांना सगळे पूर्णविराम म्हणतात, कारण लांब वाक्य दिसलं की त्यांचा हात शिवशिवतो. त्या दिवशीही ते माझ्या खांद्यावरून वाकले आणि म्हणाले, "बाई, ही मालगाडी कुठे निघाली? दोन डबे सोडा की." मी दोन डबे सोडले. वाक्य सुटसुटीत झालं. दुपारी चहा पाणचट होता. घरी येताना मोजे घ्यायचे होते ते राहिले. साडेसातला आईचा फोन आला.

साडेसात म्हणजे साडेसात. आई गावच्या शाळेत तीस वर्षं घंटा देत होती. निवृत्त झाल्यावरही तिच्या अंगातली घंटा थांबली नव्हती. मी पलंगावर आडवी होते, बूटसुद्धा काढले नव्हते, पोटावर पुस्तक पालथं. उशाशी एक रिकामी स्टीलची ताटली आणि चमचा. "बसलीस का?" आईनं विचारलं. मी म्हटलं, "बसले." "काय आहे?" "भाजी. डाळ." "डाळ कालचीच ना? आवाजावरून कळतं मला." आई स्वतःच्या विनोदाला हसली. तिच्या तोंडात घास होता. मी चमचा ताटलीवर दोनदा वाजवला. मग ती म्हणाली, "तुमच्यात सुनावणी असते, त्यात काय विचारतात गं?" मी विचारलं, "कुणाची सुनावणी?" "अगं, कोपऱ्यावरची शिवणवाली. तिला बोलावलंय. घाबरलीय बिचारी." माझं लक्ष पुस्तकात होतं, पालथं पुस्तक मी एका हातानं उलटून पान शोधत होते. मी म्हटलं, "काही नाही गं. अर्जात लिहिलंय तेच विचारतात. खरं सांगितलं की झालं." "तेच मी तिला म्हटलं," आई म्हणाली. "खरं सांगितलं की झालं." मग नेहमीसारखं, "ऊठ, हात धू, पाणी पी," आणि तिनं फोन ठेवला. मी हात धुतले नाहीत. धुण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण. तिनं लग्न केलं नाही, आणि गेली पंधरा वर्षं ती आईजवळच राहत होती. ती म्हणाली, "तुझी आई उठत नाहीये." मी दात घासत होते. मी म्हटलं, "झोपू दे की तिला जरा." तोंडातल्या फेसामुळे मला वाटलं की माझं बोलणं तिला नीट कळलं नसेल, म्हणून मी चूळ भरली आणि तेच वाक्य पुन्हा, स्पष्ट उच्चारात, म्हटलं. हे मला अजून समजत नाही. वाक्यं नीट करणं हा माझा धंदा आहे. ते वाक्य मी नीट केलं आणि दुसऱ्यांदा पाठवलं.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, झोपेतच गेल्या, भाग्याच्या. मी विचारलं, खाण्यापिण्याचं काही? ते म्हणाले, या वयात माणसं खातात तरी किती. या उत्तरानं मला काही कळलं की नाही कळलं, ते तेव्हा कळलं नाही. सगळं आटोपलं. माणसं येऊन गेली. स्वयंपाकघरात आईच्या उंचीच्या हिशेबानं ठोकलेली फळी होती, तिच्यावर माझं डोकं दोनदा आपटलं. डबे मी उगाचच उघडून पाहत होते. तांदळाचा डबा हलका होता, पिठाचा त्याहून हलका. पण दोन म्हाताऱ्यांच्या घरात डबे कितीसे जड असणार, असं मनाशी म्हणत मी झाकणं लावत होते. पाचव्या दिवशी मावशीनं माझ्यापुढे एक कापडी पिशवी ठेवली. "बघ," ती म्हणाली. "तू शिकलेली आहेस. आता लपवून तरी काय करायचं?" पिशवीत आमच्या खात्याचे कागद होते. आमचा कागद मी अंधारातही ओळखीन, त्याची डावी कड नेहमी तिरकी कापलेली असते. वर शिक्का होता: अपात्र. तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

आठ महिने मी आईला आठवड्यातून एकदा तरी विचारत होते, शिधा मिळतोय ना? ती म्हणायची, मिळतोय गं, कुठे जातोय. तांदूळ यावेळी बरा आहे म्हणायची. डाळीत खडे आहेत, तुमच्या साहेबाला सांग, असंही एकदा म्हणाली होती, आणि मी ते खरंच पूर्णविरामांना सांगितलं होतं. न मिळालेल्या डाळीतले खडे. तिनं ताकास तूर लागू दिली नाही. मी जे काही घरी पाठवत होते ते छपराला आणि मावशीच्या डोळ्यांच्या औषधाला जात होतं, आणि आणखी पाठवू का म्हटलं की, "आम्हाला सरकार आहे, तू तुझं बघ," असं उत्तर यायचं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," मावशी म्हणाली. "मी तिला रोज म्हणायची, पोरगी त्याच खात्यात आहे, तिला एक शब्द टाक. तर म्हणे, नको, तिच्यावर किटाळ येईल. आपल्या आईचं काम करून घेतलं म्हणतील." मग ती म्हणाली, "आणि दुसरंही एक होतं. म्हणायची, तिचं नाव काढावं लागेल म्हणून तीच हट्ट धरेल. आणि नाव मी काढायची नाही."

नाव म्हणजे माझं नाव. अर्जाच्या सातव्या प्रश्नाखाली आईच्या उभट, शाळेच्या फळ्यावरच्यासारख्या अक्षरात दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत मावशी. दुसऱ्या ओळीत मी, नात्याच्या रकान्यात मुलगी, आणि त्यापुढे: रोज, संध्याकाळी साडेसात. वर छापलेला प्रश्न होता, तुमच्याबरोबर रोज कोण जेवतं? हा प्रश्न मी लिहिलेला आहे. दोन वर्षांपूर्वी वरून आलेला मजकूर असा होता: एकाच निवासस्थानी राहून अन्न एकत्र शिजवणाऱ्या व एकत्र भोजन करणाऱ्या सर्व व्यक्तींचा तपशील. पूर्णविराम म्हणाले होते, "हे वाचता वाचता माणूस उपाशी मरेल. सोपं करा." मी सोपं केलं. संध्याकाळभर एकेक शब्द काढत बसले होते. निवासस्थान गेलं, राहणं गेलं, शिजवणं गेलं, आणि शेवटी चार शब्द उरले. ते कुणीही कुणालाही ओसरीवर बसून विचारावेत असे होते. शाखेत त्या चार शब्दांचं कौतुक झालं. बैठकीत मोठ्या साहेबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवले. मी आईला फोनवर सांगितलं होतं, की बघ, नव्या अर्जातला सातवा प्रश्न माझा. ती म्हणाली होती, "तुझा प्रश्न असेल तर मी उत्तर नीट लिहीन हो." आणि तिनं नीट लिहिलं.

बाबा गेले तेव्हापासूनची ही गोष्ट. त्याला अकरा वर्षं झाली. मावशी पाखरासारखी, सूर्य कलला की जेवून मोकळी होणारी. आई बाबांची वाट पाहून उशिरा जेवणारी. बाबा गेल्यावर ताट वाढून ती बसायची आणि उठायची. "एकटीच्या घशाखाली उतरत नाही," म्हणायची. मी शहरात, कचेरीत नोकरीला लागून थोडेच दिवस झालेले. एका संध्याकाळी मी फोनवर म्हटलं, "चल, मीपण वाढून घेते. तू तिथे बस, मी इथे बसते. बोलत बोलत जेवू." आणि मी वाढून घेतलं होतं, हे मला पक्कं आठवतं, खुर्चीवर ताट ठेवून, फोन कानाशी मानेनं दाबून, मान आखडली होती. आई त्या दिवशी पूर्ण जेवली. दुसऱ्या दिवशीही आम्ही जेवलो. काय आहे, तिखट झालंय का, मीठ कमी पडलंय का. किती दिवस असं खरं चाललं? मला शोधूनही सापडत नाही. कधीतरी मला भूक नसेल. कधीतरी कचेरीत सहाला काहीबाही खाल्लेलं असेल. कधीतरी मी जिन्यात असताना फोन आला असेल आणि मी म्हटलं असेल, हो, बसले. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली असेल का? मग केव्हातरी ताटली आणि चमचा उशाशी आले. रिकाम्या ताटलीचा आवाज भरलेल्या ताटापेक्षा मोठा होतो, म्हणून मी त्यात रुमाल घालून पाहिला होता. त्यात मला कमालीचं डोकं चालवल्याचा आनंद झाला होता, हेही आठवतं. फक्त तारीख आठवत नाही. खरं संपून खोटं सुरू झालं तो दिवस इतर दिवसांसारखाच असणार, टेबल कललेलं, मोजे घ्यायचे राहिलेले.

"ती तुझ्याखातर बसायची," मावशी म्हणाली. पिशवीतले कागद पसरून आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो. "शिधा बंद झाल्यावर आम्ही एकदाच शिजवायला लागलो, सकाळी. संध्याकाळी ती म्हणायची, मला नाही भूक. पण साडेसात वाजले की उठायची. उरलेलं दोन घास वाढून घ्यायची. म्हणायची, पोरगी ताटावर बसलीय, मी नाही बसले तर तीही उठेल." मावशी हसली. "तू नसतीस तर संध्याकाळचं ती काहीच खाती ना." हे ऐकून मला काय वाटायला हवं होतं? मी तिला जेवायला लावलं होतं. मी तिला फसवलं होतं. ही दोन वाक्यं मी शेजारी शेजारी ठेवून पाहते, कधी एक आधी, कधी दुसरं, मध्ये 'पण' घालून, 'म्हणून' घालून. कुठल्याही अव्ययानं ती जुळत नाहीत. मावशीला मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते, "मावशी, तू माझ्याबरोबर शहरात चल." ती म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर? तिथे काय करू, भिंतीशी भांडू?" मी म्हटलं, "मग मी दर महिन्याला सामान पाठवीन." "पाठवशील गं. तुझ्या मनात खोट नाही. पण उद्या तू आजारी पडलीस, परवा तुझी बदली झाली, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? माझा शिधा मला कागदावर पाहिजे. रांगेत उभी राहून घेईन. रांगेत चार जणी भेटतात तरी." तिनं शेवटचा कागद माझ्याकडे सरकवला. सुनावणीची तारीख. तेरा दिवसांनंतरची. अर्जदार म्हणून आईचं नाव.

कागद वाचायला मला एक अख्खी दुपार लागली; आमच्याच शाखेचे कागद, पण त्यांच्या या बाजूला मी कधी बसले नव्हते. पहिल्यांदा अर्ज फेटाळला तो माझ्या पगारामुळे. मी रोज बरोबर जेवते म्हणजे मी त्या घरातली, माझा पगार त्या घराचा, आणि एवढ्या पगाराच्या घराला शिधा नाही. मग आईनं फेरतपासणीचा अर्ज केला: मुलगी शहरात राहते, तिचा पगार तिच्यापाशी, जेवते मात्र माझ्याबरोबर. मग पाहणीवाली बाई आली. मावशी सांगत होती, बाई चांगली होती बिचारी. पायात काटा घेऊन आली होती, आईनं काढून दिला. म्हणाली, "आजी, हे नाव खोडा, उद्यापासून शिधा चालू." आई म्हणाली, "खोडू कशी? जेवते ती." बाई म्हणाली, "आजी, ती शहरात ना?" आई म्हणाली, "शहरातच. फोनवर जेवते." बाईनं खोडायला पेनसुद्धा पुढे केलं. आईनं ते बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "बाई, मी तीस वर्षं घंटा दिली. पाच मिनिटं आधी दिली असती तर पोरं खूश झाली असती. दिली नाही." पाहणीच्या अहवालात त्या बाईनं एवढंच लिहिलं होतं: सदर मुलगी घरी आढळली नाही. फोनवर जेवते असे अर्जदार सांगतात. पुढे प्रश्नचिन्ह. खाली दुसऱ्या कुणाच्या तरी हातची ओळ, हेतुपुरस्सर खोटी माहिती असल्यास नियमाप्रमाणे कारवाई. तो नियमही आमच्याच शाखेतून सुबक होऊन गेलेला आहे: खोटी माहिती देणाऱ्या घरातल्या कुणालाही दोन वर्षं अर्ज करता येणार नाही. मावशी त्या घरातली. मावशी एकाहत्तर वर्षांची. दोन वर्षं म्हणजे किती, हे मी मावशीकडे पाहून ठरवायचा प्रयत्न करत होते. ती दाताखाली दोरा धरून सुई ओवत होती आणि दोरा सुईच्या शेजारून जात होता.

मी शहरात परतले, कचेरीत गेले. पूर्णविराम माझ्या टेबलाशी आले, उभे राहिले. त्यांनी काही म्हणायला तोंड उघडलं आणि काही न म्हणता मिटलं. एवढं लहान वाक्य त्यांनी आजवर केलं नसेल. मी त्यांना म्हटलं, सातवा प्रश्न बदलायला हवा. ते म्हणाले, "का? चांगलाय की. तुमचाच आहे." मी म्हटलं, त्यात घर राहिलंय. "घर?" "एकाच घरात, हे शब्द." ते म्हणाले, पुढच्या छपाईला बघू, आता गोदामात दोन वर्षांचे गठ्ठे पडलेत. संध्याकाळी साडेसातला मी खोलीत उभी होते. फोन वाजणार नाही हे मला माहीत होतं, आणि तरी मी कशासाठी उभी होते ते माहीत नव्हतं. भूक लागली होती. खरोखरची, पोटात पीळ पाडणारी. त्या दिवसापासून रोज साडेसातलाच मला भूक लागते. काहीतरी करून घेते, ताट घेऊन बसते, आणि पहिला घास तोंडात फिरत राहतो. मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. त्यांत माणसं रडतात, वेडी होतात, प्रवासाला निघतात. तोंडातल्या घासाचं काय करायचं ते कुठल्या पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही.

सुनावणीची कचेरी बाजाराच्या गावी होती. मी आदल्या दिवशीच मावशीकडे आले होते; सकाळी आम्ही दोघी पहिल्या गाडीनं निघालो. मावशीनं आईची चांगली शाल पांघरली होती. तिला ती मोठी होत होती. बाकावर आमच्या आधी चार माणसं होती. एक म्हातारा सारखा विचारत होता, "आत चहा देतात का हो?" आणि त्याची सून म्हणत होती, "मामंजी, तुम्ही फक्त मान हलवा, बोलू नका, मागच्या खेपेला तुम्हीच घोटाळा केलात." मावशी माझ्या कानाशी लागली. "तू काय सांगणार आहेस?" मी म्हटलं, "बघू. काय विचारतात ते बघू." "बघू काय त्यात? सांग, माझी आई खोटं बोलणारी नव्हती. बाकी नियम तुला ठाऊक." मी मान हलवली. नियम मला ठाऊक होते. आई खोटी नव्हती एवढं सांगितलं की झालं, असं मी वाटभर मनाशी घोकत आले होते, आणि त्या वाक्यात काहीतरी कमी होतं, एखादा डबा सुटला होता, तो कुठला हे मला दिसत होतं आणि मी तिकडे पाहत नव्हते.

सुनावणी घेणारे साहेब माझ्याच वयाचे, सर्दी झालेले. खोलीच्या कोपऱ्यात जबाब लिहून घेणारी मुलगी यंत्रापुढे बसली होती. मी कुठे काम करते हे कागदावरून कळल्यावर साहेब अर्धवट उठले. "मॅडम, तुम्ही आमच्या वरच्या कचेरीतल्या! आधी कळवायचं ना. बसा, बसा. आजी, तुम्हीही बसा." त्यांनी फाइल चाळली, आई गेल्याची नोंद पाहिली, वाईट झालं म्हणाले. ते मनापासून म्हणाले असं वाटलं. मी म्हटलं, "साहेब, चूक प्रश्नाची आहे. मूळ नियमात एकाच घरात राहून असं आहे. ते छापताना गळलं. मीच गाळलं." ते हसले, नाक पुसलं. "मॅडम, छापलं ते छापलं. इथे मी छापलेल्या प्रश्नाचं उत्तर खरं की खोटं एवढंच बघतो. आता बघा, तीन वाटा आहेत." त्यांनी बोटं पुढे केली. "तुम्ही म्हणालात, हो, मी फोनवर का होईना, आईबरोबर रोज जेवत होते, तर उत्तर खरं. मग तुम्ही या घरातल्या, तुमचा पगार धरायचा, आजींना शिधा नाही. तुम्ही म्हणालात, नव्हते जेवत, आईनं मुद्दाम लिहिलं, तर खोटी माहिती. आजींना दोन वर्षं बंदी." मावशीनं माझा हात धरला. "आणि तिसरी वाट, अर्जदाराची प्रामाणिक चूक. ती मी मानायला तयार आहे. आजींचं नाव आजच चढवतो."

"प्रामाणिक चूकच आहे," मी म्हटलं.

"झालं तर." त्यांनी एक लिहिलेला कागद माझ्याकडे फिरवला. "मी मजकूर तयारच ठेवलाय. तुम्ही वरच्या कचेरीतल्या, काही सुधारायचं तर सुधारा." कागदावर होतं: अर्जदार वयोमानाने भ्रमिष्ट झाल्या होत्या. दूर राहणारी मुलगी आपल्यासोबत रोज जेवते असा त्यांना भास होत असे. सबब माहिती खोटी असली तरी हेतू खोटा नव्हता. खाली माझ्या सहीसाठी जागा. वाक्यं चांगली होती. छोटी होती. मावशीला दूरचं दिसतं, जवळचं दिसत नाही, ती म्हणाली, "काय लिहिलंय? वाच." मी वाचलं. 'भ्रमिष्ट' हा शब्द मी हळू वाचला, तरी तिला ऐकू गेला. ती उभी राहिली. "कोण भ्रमिष्ट? माझी बहीण? अहो साहेब, गावातली घड्याळं लोक तिला विचारून लावत होते! भास कसला? मी शेजारी बसून ऐकलंय रोज. ही बोलायची, ती बोलायची, हिच्या ताटाचा आवाज यायचा. माझ्या कानांनी ऐकलंय. मीपण भ्रमिष्ट का मग?"

"आजी, बसा. कागदावरचं हो. कागदावर काय, आपण काहीही लिहितो." साहेब माझ्याकडे पाहून बारीक हसले, कागदावर काहीही लिहिणाऱ्यांपैकी एकानं दुसऱ्याकडे पाहून हसावं तसे. "मॅडम, त्या आता नाहीत. त्यांना काय फरक पडतो? आजींचा शिधा सुरू होतोय ना, ते बघा. सही करा."

पेन माझ्या हातात होतं. मावशी माझ्याकडे पाहत होती. रागानं नव्हे, वाट पाहत. तिला खात्री होती की मी सांगणार, साहेब, भास नव्हता, मी खरंच जेवत होते. आणि तसं सांगितलं की तिचा शिधा जाणार हे तिला एव्हाना कळलं होतं, आणि तरी ती तशीच वाट पाहत उभी होती, मोठ्या शालीत, बहिणीची अक्कल शाबूत ठेवण्यासाठी स्वतःचा शिधा सोडायला तयार. मला वाटलं, सही करावी. आई असती तर तीही म्हणाली असती, कर सही, तुझ्या मावशीला जेवू दे. मग वाटलं, नसती म्हणाली. तिनं पेन बाजूला ठेवलं असतं. मग मला कळेना की मी आईला आठवते आहे की तिच्या तोंडी माझीच वाक्यं घालते आहे, कारण अकरा वर्षं मी तिला जे सांगितलं त्यावर ती जे बोलली, ते सगळंच आता कुणाशी बोललेलं धरायचं? ताटावर बसलेल्या मुलीशी ती बोलत होती. ती मुलगी नव्हती. ती मुलगी मी लिहिलेली होती, छोट्या, सुटसुटीत वाक्यांत, आणि आईनं तिचं नाव सातव्या प्रश्नाखाली नीट अक्षरात उतरवलं होतं. खोलीत कागदाचा आणि सर्दीच्या औषधाचा वास होता. मी पेन खाली ठेवलं.

"भास नव्हता," मी म्हणाले. मावशी साहेबांकडे पाहून मानेनं हो म्हणाली. "तिला सगळं नीट कळत होतं. ताटाचा आवाज खरा होता. तो मी काढत होते."

"म्हणजे तुम्ही जेवत होता?" साहेबांनी विचारलं.

माझ्या तोंडून काहीतरी निघालं, ते मलाच ऐकू आलं नाही.

"जरा मोठ्यानं, मॅडम," साहेब कोपऱ्यातल्या मुलीकडे बोट दाखवत म्हणाले. "तिला लिहून घ्यायचंय."

मी मावशीकडे वळले. "मावशी, मी जेवत नव्हते. मी रोज आईशी खोटं बोलत होते. कधीपासून ते मला सांगता येणार नाही, पण कितीतरी वर्षं. लिहा तुम्ही, माझं नाव घालून लिहा. अर्जदारानं जे ऐकलं ते खरं मानलं आणि खरं लिहिलं. खोटं मी बोलले. तिच्याबरोबर रोज कोणी जेवत नव्हतं. ती एकटीच जेवत होती, आणि हे फक्त मला माहीत होतं."